गिधाडांचा पीटर

सॅन्टन परेराने छत्तीस वर्षं टपाल वाटलं आणि एकदाही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. ही बढाई तो स्वतः मारत नसे, गावच सांगत असे. आणि आगाशीपासून सायकलीने पंधरा मिनिटांवरच्या त्या गावात हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. लोपीसांची चाळीस घरं, त्यांत एका वेळी पाच पीटर लोपीस, आणि पाचातल्या दोघांच्या बापाचं नावही अंतोन. पाकिटावर नुसतं 'पीटर अंतोन लोपीस, मु. पो. आगाशी' एवढंच असलं की दुसरा कुणी पोस्टमन कपाळाला हात लावून बसला असता. सॅन्टन पाकीट उलटंपालटं करायचा, पाठवणाऱ्याचं अक्षर बघायचा आणि म्हणायचा, "हे टिटव्यांकडचं."

कारण गावात आडनावाने कुणी कुणाला ओळखतच नव्हतं. प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव होतं, आणि बहुतेक नावं जनावरा-पाखरांची. टिटवे, बोके, मुंगसे, बगळे, गिधाडे. ही नावं जन्मदाखल्यावर नाहीत, रेशनकार्डावर नाहीत, बाप्तिस्म्याच्या वहीतही नाहीत. पण चर्चची घंटा मयताची वाजली की गाव पहिला प्रश्न हाच विचारायचं, "कोनाच्यातला?" त्याचं उत्तर मिळालं की मगच बायका चुलीवरचं उतरवून निघायच्या.

सॅन्टनला जनावरांच्या शब्दांचा नाद लागला तो या नावांपायीच. वसईच्या वाचनालयातून त्याने एक जाडजूड व्युत्पत्तिकोश आणला होता आणि तो परत करायचं तो सोयीस्कर विसरला होता. मुलाच्या पत्राची वाट बघत दारात उभ्या राहिलेल्या बाईला तो आधी ऐकवायचा की मांजर म्हणजे मूळचं मार्जार, आणि मार्जार म्हणजे सदा अंग पुसत बसणारं. "म्हंजे बघ, नाव ठेवनाऱ्याने आधी बसून नीट बघितलं असनार ते काय करतं ते!" हत्ती म्हणजे हात असलेला. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. आपण गोष्ट सांगतो तीही मूळची गोठ्यातली, कारण माणसं बोलायला जमायची ती गुरांपाशी. वात्सल्यात वत्स आहे, वत्स म्हणजे वासरू. "आईच्या मायेला नाव द्यायचं झालं तर तेसुदा गाईकडनं मागून आनलं आपन!" बाई म्हणायची, "सॅन्टन, आधी माज्या पोराचं पत्र दे, मग सोड तुजी गुरं."

घरी सालोमी, त्याची बायको, तिचं मत याहून स्पष्ट होतं. शब्दांची मुळं खणण्यापेक्षा वाडीतलं एखादं मूळ खणलं असतंस तर अळूकंद तरी मिळाला असता, असं ती म्हणायची. सॅन्टन हसायचा. त्याला ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्याला एक पुरत होता.

तो म्हणजे गिधाडांचा पीटर. त्याची वाडी गावाच्या टोकाला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. सॅन्टनच्या फेरीतलं हे शेवटचं घर. पीटर पानवेल आणि केळी करायचा, बोलायचा अगदी मोजकं. सॅन्टन आला की तो शहाळं फोडून पुढे ठेवायचा आणि ओट्यावर समोर बसायचा. सॅन्टनने सांगितलेलं सगळं तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच काहीतरी विचारायचा. "काल हत्तीचं बोललास. मग घोड्याचं काय?" सॅन्टनला त्या प्रश्नाचं केवढं अप्रूप! रात्री तो कोश उघडून बसायचा तो पीटरच्या प्रश्नासाठी. निवृत्त झाल्यावरही त्याची सायकल संध्याकाळी आपोआप तिकडेच वळायची.

गिधाड या नावाचं पीटरला कधी काही वाटलं नव्हतं. फोन उचलला की तो "गिधाडांचा पीटर बोलतो" असंच म्हणायचा. पोरं त्याला गिधाडकाका म्हणायची आणि तो ओ द्यायचा. वापरून वापरून त्या शब्दातलं पाखरू कधीच उडून गेलं होतं, उरला होता तो नुसता घरचा पत्ता.

नऊ वर्षांपूर्वी चर्चचा मोठा महोत्सव आला. स्मरणिका काढायचं ठरलं, आणि घराण्यांच्या नावांवरचा लेख सॅन्टनने लिहावा असं फादरांनी सांगितलं. सॅन्टन हरखला. चार महिने तो घरोघर फिरला. टिटव्यांचा पणजोबा टिटवीसारखा पाय वर करून झोपायचा म्हणून ते टिटवे. बोक्यांच्या कुणा पूर्वजाने लग्नाच्या मांडवातला बोंबील पळवला होता. मुंगसांचं, बगळ्यांचं, सगळ्यांचं मिळालं. प्रत्येक घरात लोक हसून हसून सांगत होते आणि वर चहा पाजत होते.

गिधाडांचं त्याने विचारलं ते एमिली आंटीला. ती तेव्हा नव्वदीची, गावातलं सगळ्यांत जुनं माणूस. तिने सांगितलं की मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरटी माणसं मरत होती, मढ्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. तेव्हा पीटरच्या पणजोबाने मढी उचलली आणि दफनभूमीत नेली. "नेली खरी," एमिली आंटी म्हणाली, "पन वाटेत बोटातल्या अंगठ्या काडून घेतल्यान. म्हनून गिधाडं." आता, एमिली आंटीच्या सासरचं आणि गिधाडांचं बांधावरच्या विहिरीवरून तीन पिढ्यांचं भांडण होतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, तेव्हा सॅन्टनलाही होतंच.

पण त्याने घरी येऊन कोश उघडला. गिधाड, मूळ शब्द गृध्र, आणि त्याचं मूळ गृध्, म्हणजे हाव धरणं. सॅन्टन उठून उभाच राहिला. एकीकडे म्हातारीची आठवण, दुसरीकडे हजारो वर्षांचा शब्द, आणि दोघं एकच सांगतात! पुस्तकाने माणूस कसा आंधळा होतो ते बघा. शब्द हावेवरून आला होता हे खरंच होतं, पण त्यावरून त्या घराची हाव कशी सिद्ध होते, हा साधा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही.

आणि पीटर? त्या चार महिन्यांत सॅन्टन जवळजवळ रोज त्याच्या ओट्यावर बसत होता. टिटव्यांचं सांगत होता, बोक्यांचं सांगत होता. गिधाडांविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. माणसाला तोंडावर कसं विचारायचं, की तुझा पणजोबा मढ्यावरचं सोनं काढायचा का? अशी त्याने आपली समजूत घातली, आणि लेख छापायला दिला.

स्मरणिका घरोघर गेली. लोकांनी आपापल्या घराण्याचं वाचलं, मग दुसऱ्यांचं वाचलं, आणि गिधाडांपाशी येऊन थांबले. सॅन्टन संध्याकाळी गेला तर शहाळं पुढे आलं, पण पीटर समोर बसला नाही, वेलींना पाणी घालत राहिला. सॅन्टनला वाटलं, लग्नाच्या गडबडीत असेल. पीटरची एकुलती एक मुलगी रोवेना, तिचं लग्न जानेवारीत होतं.

लग्नाला सगळं गाव हॉलवर लोटलं होतं. माईकवर विरारहून आणलेला कुणी चुणचुणीत सूत्रसंचालक होता. कुणीतरी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं असावं, कारण नवरा-नवरी केक कापायला उभे राहिले तेव्हा तो म्हणाला, "वऱ्हाडी मंडळी, बोटातल्या अंगठ्या सांभाळा हं, आज गाठ गिधाडांशी आहे!" हॉलमध्ये खसखस पिकली. नवऱ्या मुलाच्या आईने आपल्या बोटातली अंगठी दुसऱ्या हाताने झाकली. हसत हसतच, पण झाकली. पीटर स्टेजच्या पायरीवर उभा होता. सॅन्टनने त्याच्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.

तिसऱ्या दिवशी पीटर चालत सॅन्टनकडे आला. त्याने स्मरणिका ओट्यावर ठेवली. सालोमी खुर्ची आणायला वळली, तो "नको" म्हणाला.

"सॅन्टन, शंभर वर्सं आमी हे नाव लावतोय," तो म्हणाला. "कोनाला त्याची घान आली नव्हती."

एवढंच बोलून तो गेला. त्यानंतर त्याचं दार सॅन्टनला उघडलं नाही. सॅन्टन फाटकाशी सायकलची घंटी वाजवायचा, आतला माणूस आतच राहायचा. रस्त्यात समोरासमोर आले तर पीटर बांधावरून उतरून वाडीतून वाट काढायचा. हळूहळू पीटरच्या घरच्यांनी ते नावच टाकलं. कुणी गिधाडांचा पीटर म्हणून हाक मारली तर तो थांबेना. शेवटी लोकांनी हाक मारायची सोडली.

तीन वर्षांनी सॅन्टन आगाशीच्या बाजारात गेला होता. तिथे वसुंधराबाई भेटल्या. ऐंशी ओलांडलेल्या, त्यांच्या वडिलांचा पूर्वी पानांचा व्यापार होता. बोलता बोलता कुठली पानं चांगली असत यावर विषय आला.

"बाबा नेहमी म्हणायचे, पानं घ्यावीत तर गिधाडांच्या ताडाखालच्या वाडीतली," वसुंधराबाई म्हणाल्या.

"कुठला ताड?" सॅन्टनने विचारलं.

"तुमच्याच गावच्या टोकाचा, खाडीच्या रस्त्यावरचा. मी लहान असताना बाबांबरोबर गेले होते ना. केवढा उंच ताड, आणि त्यावर ही मोठाली गिधाडं बसलेली. खाली लोपीसांचं घर. पुढे वादळात पडला म्हणे तो. आता तर गिधाडंही राहिली नाहीत कुठे."

सॅन्टन दुकानाच्या पायरीवर बसला. ना साथ, ना मढी, ना अंगठ्या. घराच्या डोक्यावर पाखरं बसत होती आणि लोकांनी वर बघून घराला नाव दिलं होतं. मांजराचं सांगताना तो हेच तर सांगत आला होता, की नाव ठेवणारा आधी बघतो! स्वतःच्या वेळी मात्र त्याने न बघता ठेवलं होतं, म्हातारीच्या तोंडून आणि पुस्तकातून.

त्याने गावात खरं सांगून पाहिलं. लोक "असं होय" म्हणायचे आणि पुढे जायचे. ताडावर बसलेल्या गिधाडांत कुणाला काय चव? अंगठ्यांची गोष्ट त्याने स्वतःच इतकी रंगवून लिहिली होती की ती आता त्याच्याही हातात राहिली नव्हती. मग त्याने पीटरला चार पानांचं पत्र लिहिलं आणि रजिस्टर करून टाकलं. ते परत आलं, वर नव्या पोस्टमनच्या अक्षरात 'घेण्यास नकार'. अशी तीन पत्रं गेली आणि तीन परत आली. एवढी पत्रं पोचवलेल्या माणसाला स्वतःचं एक पोचवता आलं नाही. पीटर जिवंत आहे तोवर त्याच्या कानावर ताडाचं घालायचं आणि माफी मागायची, एवढी एकच इच्छा त्याची उरली होती. बाकीचे शब्द त्याने सोडून दिले. कोशही वाचनालयाला परत केला, सतरा वर्षांनी.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी सातला घंटा वाजली. पाठोपाठ सालोमीच्या फोनवर धर्मग्रामाचा, म्हणजे चर्चच्या ग्रुपवरचा, मेसेज आला. पीटर अंतोन लोपीस, वय ७४, आज पहाटे देवाघरी गेले, अंत्यविधी सकाळी अकरा वाजता.

"कुठला पीटर?" सालोमीने विचारलं. "घराचं नावच नाय घातलं."

"टिटव्यांचा, आनि कोन?" सॅन्टन म्हणाला. "ईस्टरपासून अंथरुनावर हाय तो. सुटला बिचारा."

पीटर लोपीस पाच होते, पण बापाचं नाव अंतोन असलेले दोघेच, आणि दोघं एकाच वर्षी जन्मलेले. त्यांतला एक मरायला टेकलेला आणि दुसरा परवाच केळीचा घड खांद्यावरून नेताना सॅन्टनने लांबून बघितलेला. यात शंका घ्यायला जागा कुठे होती? सॅन्टनने अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, मेणबत्त्यांचं पुडकं घेतलं. गुडघा दुखत होता, म्हणून चर्चला थेट न जाता टिटव्यांकडे जाऊन शवपेटीबरोबर गाडीत बसावं असा त्याने बेत केला.

साडेदहाला तो टिटव्यांच्या आळीत पोचला. अंगणात पंधरावीस माणसं उभी होती, हातात फुलं, तोंडं चोरट्यासारखी. मांडव नव्हता, रडणं नव्हतं. दार उघडं होतं आणि आत खाटेवर टिटव्यांचा पीटर उशीला टेकून बसला होता. त्याची बायको त्याला चमच्याने पेज भरवत होती. तिने बाहेर बघितलं आणि ती ओरडली, "अरे, काय मेलंबिलं नाय आमचं कोन! सकाळधरनं येताहेत मेले फुलं घेऊन!"

कुणीतरी फिस्कन हसलं. मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात तो हिशेब शिरला. गेलेला पीटर हा नव्हे, म्हणजे खाडीकडचा तो. माणसं एकमेकांकडे बघेनात. स्कूटरवाले दोघंतिघं भर्रकन निघून गेले. बाकीच्यांतले अर्धे, आता काय चर्चमधली मिस्सा मिळणार, म्हणत फुलं घेऊन घराकडे वळले. सॅन्टन खांबाला धरून उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाला हाक मारली नाही. भानावर आला तेव्हा अंगण रिकामं होतं.

चर्च गावाच्या दुसऱ्या अंगाला, अडीच-तीन किलोमीटर. त्या आळीत रिक्षा क्वचितच फिरकायची, आणि आज एकही दिसत नव्हती. सॅन्टन चालत निघाला. गुडघा प्रत्येक पावलाला कळ मारत होता. आयुष्यभर या रस्त्याने त्याने दुसऱ्यांच्या मरणाच्या तारा नेल्या होत्या, आणि आज त्याच्याच मित्राचं मरण त्याच्या हातात आलं तर त्याने ते भलत्याच्या दारात नेलं. चालता चालता तो रडत होता, आणि ते लपवायची त्याला शुद्ध नव्हती. वाटेत दोनदा त्याला बांधावर बसावं लागलं.

तो पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. मिस्सा संपली होती, माती पडली होती. दफनभूमीत दहाबारा माणसं मागे रेंगाळत होती. मिस्सेला सगळी मिळून तीसेक होती असं फाटकापाशी कुणीतरी सांगितलं. साध्यासुध्या मयताला जिथे चर्चच्या पायऱ्याही भरून जातात, त्या गावात तीस. मातीवर लाकडी क्रूस उभा होता आणि त्यावर नुसतं पीटर अंतोन लोपीस.

रोवेना मेणबत्त्या लावत होती. वारा होता, त्या टिकत नव्हत्या. तिने सॅन्टनला बघितलं.

"उशीर झाला तुम्हाला, अंकल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मेसेजमध्ये घराचं नाव नव्हतं, बाय. मी टिटव्यांकडे गेलो."

"बरेच जण तिकडेच गेले. पपांनीच सांगून ठेवलं होतं, ते नाव घालायचं नाही. मी म्हटलं, पपा, लोकांना कळणार नाही कोण गेलं ते. म्हणाले, नाही कळलं तर नाही."

सॅन्टनने क्रुसाकडे बघितलं. मग तो एकदम बोलायला लागला, भरभर, जणू खालचा माणूस अजून ऐकण्याच्या अंतरावर होता. ते नाव तसं पडलंच नव्हतं. एक ताड होता. त्यावर गिधाडं बसायची. आगाशीच्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. अंगठ्या वगैरे सगळं खोटं. मी तीनदा पत्र पाठवलं, बाय, तीनदा परत आलं.

रोवेनाने सगळं ऐकून घेतलं, बापासारखंच, मध्ये न बोलता.

"मला माहीत आहे ताडाचं," ती म्हणाली. "मी शाळेत असताना पपांनी जागा दाखवली होती, विहिरीच्या मागे. त्यांच्या आजोबांनी त्यांना दाखवलेली."

"त्याला ठाऊक होतं?" सॅन्टनने विचारलं. "मग मला का नाय सांगितलं त्याने? त्या दिवशी घरी आला तेवा तरी?"

"छापून झाल्यावर काय सांगायचं, अंकल?" रोवेनाने विझलेली मेणबत्ती पुन्हा लावली. "तुम्ही ते लिहीत होतात तेव्हा रोज आमच्या ओट्यावर बसायचात. आज बोक्यांचं मिळालं, आज बगळ्यांचं. तुम्ही गेलात की पपा म्हणायचे, उद्या आपलं विचारील बघ. संध्याकाळी धुतलेला सदरा घालून बसायचे. तुम्ही सगळ्या गावाला विचारलंत."

तिच्या नवऱ्याने फाटकाशी गाडी आणली होती. ती गेली.

सॅन्टनला ते धुतलेले सदरे आठवले. तेव्हा त्याला वाटलं होतं, पीटर संध्याकाळचा प्रार्थनेला जात असेल. आणि एवढी वर्षं स्वतःची घातलेली समजूत, की असं तोंडावर कसं विचारायचं, ती त्या ओल्या मातीपाशी टिकेना. पीटरला विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं, ताडाची जागा दाखवली असती, आणि मग अंगठ्यांची गोष्ट छापता आली नसती. हे सॅन्टनला तेव्हाही ठाऊक होतं.